पाळणाघरातला वास

१२ जानेवारी

परत तेच! पाच टक्के अल्कोहोल पाजलं तरी जंतू वाढतायत पठ्ठे. उघडे फ्लास्क, म्हणजे ज्यांच्या तोंडाला नुसता कापसाचा बोळा, आत हवा खेळती – ते दोन दिवसांत ताकासारखे गढूळ. आणि ज्यांची हवा काढून टाकून वर रबरी बूच ठोकलं, ते अजून नितळ. ऑक्सिजन नाही म्हटल्यावर त्याच पाच टक्क्यांत जंतू आडवे.

सर खूश. 'ऑक्सिजन मिळाला की जंतू दारू पचवतात.' पाच वर्षं हे वाक्य ते भेटेल त्याला ऐकवतात. परवा लिफ्टमध्ये वायरमनला ऐकवलं. तो म्हणाला, 'खरंय. आमचा मेव्हणा गच्चीवर बसला की कितीही पितो.' सर दोन मजले गप्प होते. बहुतेक मेव्हण्याला थिसिसमध्ये घ्यावं का, याचा विचार चालला असावा.

थिसिस द्यायची तारीख १६ फेब्रुवारी. सोमवार. पाच आठवडे.

१३ जानेवारी

शेकरच्या, म्हणजे फ्लास्क हलवणाऱ्या यंत्राच्या, खोलीला आम्ही पाळणाघर म्हणतो. चाळीस फ्लास्क दिवसरात्र गोल गोल डुलत असतात. खोली कपाटाएवढी, खिडकी नाही, तीस डिग्री ऊब. बाहेर बोटं गळून पडतील अशी थंडी, त्यामुळे सगळ्या इमारतीत सुखाची जागा ही एकच. मामा सकाळी आले की स्वेटर तिथल्या खुंटीला अडकवतात आणि संध्याकाळी गरमागरम चढवून घरी जातात. मीही आता कोट तिथेच टांगते. शहाणपण ज्याच्याकडून मिळेल त्याच्याकडून घ्यावं.

मामा म्हणजे आमच्या लॅबचे काच धुणारे. माझे मामा नव्हेत, पण सरसुद्धा त्यांना मामाच म्हणतात. तेहतीस वर्षं काचा धुतायत आणि कापसाचे बोळे वळतायत. कापूस जाळीच्या कापडात घ्यायचा, दोन बोटांनी पीळ द्यायचा, वरून दोरा. हवा आत गेली पाहिजे, बाहेरचा जंतू जाता कामा नये. मी एकदा करून दाखवला तर उलटसुलट बघून म्हणाले, 'छान. डोक्याखाली घ्यायला बरा आहे.'

३१ मार्चला रिटायर होतायत. मग आमचे बोळे कोण वळणार, हा विषय कोणी काढत नाही.

१५ जानेवारी

आत्या दार हाताने उघडते पण बघते नाकाने.

'आजही?'

'आत्या, माझं कामच ते आहे.'

'कामाचा वास हाताला येतो गं. तुझ्या कोटाला येतोय.'

आत्या तीस वर्षं नर्स होती. पेशंट किती वाजता, किती आणि कुणाबरोबर प्यायला हे नुसत्या वासावरून सांगायची, असा तिचा दावा. तिच्याकडे राहते म्हणून ऐकून घ्यावं लागतं.

सूड म्हणून तिच्या पाण्याच्या बाटलीवर लॅबचं लेबल चिकटवलं – '५ टक्के. हलवू नये.' तिने घोट घेतला, बाटली खाली ठेवली आणि म्हणाली, 'पाच नाहीत. फसवलंय तुला.'

२० जानेवारी

चरबीवाल्याने आकडे दिले. चरबीवाला म्हणजे मशीनवर बसणारा माझा लॅबमित्र. त्याला बाराशे जंतूंच्या चरबीतला फरक कळतो, पण भर थंडीत पंखा सुरू आहे हे कळत नाही.

मला आत्यासाठी हे सोपं करून लिहायचंय, म्हणून इथे सराव करते. जंतूच्या अंगाभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. समज, कातडी. अल्कोहोल त्या कातडीत घुसतं आणि तिची वीण सैल करतं. आतलं बाहेर झिरपायला लागतं. मग जंतू कातडीतली चरबीच बदलतो. जुन्या जागी दुसऱ्या जातीची भरतो आणि सावरतो. निदान सावरायचा प्रयत्न करतो.

बूच लावलेल्यांची चरबी बदललेली होती. बिचारे धडपडले, पण वाढले नाहीत. आणि बोळेवाले? त्यांची कातडी जशीच्या तशी! ज्यांना अल्कोहोलचा थेंबही दिला नव्हता त्यांच्यासारखी. सर टेबलावर थाप मारून म्हणाले, 'बघ! ऑक्सिजन असला की त्यांना बदलावंच लागत नाही. जणू अल्कोहोल नाहीच!'

ते शेवटचं वाक्य मी चौथ्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीत टाकलं. झोकदार आहे.

२७ जानेवारी

नवीन सुरक्षा अधिकारी आल्यात. प्रत्येक खोलीत शिरून आधी खोल श्वास घेतात, मग बोलतात. मी त्यांचं नाव 'नाक' ठेवलंय. चरबीवाल्याच्या खोलीत नाकाने त्याचा कालचा डबा शोधून काढला. खुर्चीखाली होता. त्याला स्वतःला शोधून सापडत नव्हता.

मामा आज बोलतच नाहीयेत. दाढ. गाल टम्म, डोक्याभोवती मफलर बांधलेला. डॉक्टरकडे जा म्हटलं तर हातानेच 'उद्या' केलं.

२८ जानेवारी

वाईट दिवस.

संध्याकाळी मामा पाळणाघरातून स्वेटर घालून बाहेर आले आणि समोर नाक. बाई थांबल्या. श्वास घेतला. परत घेतला. 'तुम्ही प्यायलात?'

मामांनी गालावर हात ठेवला.

'फुंकून दाखवा.'

मामांनी मफलर सोडला, परत बांधला. मग गालातल्या गालात म्हणाले, 'तेहतीस वर्षं काचा धुतल्या बाई. आता फुंकर मारून दाखवायची काय?' आणि निघून गेले. पाठ ताठ.

काय माणूस आहे! स्वाभिमान म्हणतात तो हा. मी टाळी वाजवणार होते, पण नाक माझ्याकडे बघत होतं.

२ फेब्रुवारी

गंमत संपली. मामांना नोटीस आली. 'प्रयोगशाळेतील अल्कोहोलचे सेवन.' चौकशी १३ तारखेला, शुक्रवारी. आरोप खरा ठरला तर त्याच दिवशी नोकरीतून काढणार. सात आठवडे राहिले असताना! निरोप नाही, काही नाही. शिपायाने बाहेर सोडायचं.

मामांनी जन्मात कधी थेंब घेतलेला नाही, हे अख्ख्या इमारतीला माहीत आहे. लॅबच्या पार्टीत लिंबूपाणीसुद्धा हुंगून पितात. मी म्हटलं, 'मामा, तुम्ही सांगत का नाही त्यांना?' बोळा वळत राहिले. 'काय सांगायचं? वास तर रोजच येतो की तिथं.'

बोळा सैल झाला. त्यांनी तो उसवून परत वळायला घेतला. मला रडू आलं, म्हणून मी फ्रिज उघडून उगाच आत बघत बसले.

४ फेब्रुवारी

आज दिवसभर तिसरं प्रकरण दुरुस्त करत बसले. खुर्चीवरून उठले नाही, बाटलीला हात लावला नाही. घरी आले, आत्याने कोट घेतला आणि हुंगला.

'दुपारी दोनच्या आसपास. बऱ्यापैकी.'

'आत्या, आज शिवलेसुद्धा नाही मी.'

'मग कोट प्यायला असेल.'

५ फेब्रुवारी

सकाळी दात घासताना कळलं. कोटच प्यायला!

कोट खुंटीला होता. पाळणाघरात. म्हणजे अल्कोहोल त्या खोलीच्या हवेत आहे. कोटाला लागलं तसं मामांच्या स्वेटरला लागलं. स्वेटर तर रोज आठ तास तिथे असतो. नाकाने हुंगला तो स्वेटर! मामा सुटले! तोंडात फेस तसाच ठेवून आत्याला मिठी मारली. ती ओरडली, 'आधी चूळ भर!'

चूळ भरली. नळ बंद केला. आणि तिथेच उभी राहिले.

हवेत आलं कुठून? फ्लास्कमधून. बोळ्यातून हवा आत जाते तशी वाफ बाहेर येते. तीस डिग्री, दिवसरात्र हलवणं. मग हवेत जे आहे ते फ्लास्कमध्ये नाही.

मग माझे जंतू दोन दिवसांनी काय पितायत?

पहिल्या दिवशी आम्ही पाच टक्के अल्कोहोल घालतो. फ्लास्कवर '५ टक्के' लिहितो. त्यानंतर जंतू मोजले, कातडी मोजली, चरबी मोजली. अल्कोहोल परत कोणी, कधीच मोजलं नाही. लिहिलंय म्हणजे असणारच की!

'जणू अल्कोहोल नाहीच.' माझी झोकदार ओळ.

आत्याने विचारलं, 'काय गं, पांढरी का पडलीस?' म्हटलं, पेस्ट गिळली.

६ फेब्रुवारी

नाकाकडे गेले. अर्धीच गोष्ट सांगितली. खोलीत वास असतो, स्वेटर तिथे टांगलेला असतो, एवढीच. मनात म्हटलं, एवढ्यावर भागलं तर बरं. मामा सुटतील, माझा थिसिसही सुटेल आणि हवेत आलं ते कुठून कमी झालं, हे कोणी विचारणार नाही.

बाई शांतपणे म्हणाल्या, 'असेलही. पण बंद फ्लास्कमधून किती बाहेर येतं? आकडा आणा. नुसतं म्हणणं मी लिहून घेत नाही.'

वाईट बाई नाहीत, हे लक्षात आल्यावर जास्तच वैताग आला. वाईट असत्या तर सोपं होतं.

आकडा आणला की मामा सुटतात आणि माझी पाच वर्षं जातात. मी खूप वाईट विचार केला आज. मामांचे सात आठवडेच राहिलेत, माझं तर सगळंच राहिलंय. लिहून ठेवते. वहीला तरी खरं कळावं.

९ फेब्रुवारी

केलं. शनिवारी लावलं, काल अर्धे काढले, आज उरलेले. वीस फ्लास्क. एकातही जंतू नाही – नुसतं पाणी आणि मोजून पाच टक्के अल्कोहोल. दहांना मामांचे बोळे, दहांना रबरी बुचं. चरबीवाल्याला म्हटलं, तुझ्या मशीनवर आज अल्कोहोल मोज. 'का?' म्हणाला. 'उगाच,' म्हटलं. त्याने मोजून दिलं. असे मित्र हवेत.

बूचवाले: ४.९.

बोळेवाले, एका दिवसाने: ३.१. दोन दिवसांनी: १.२.

एक पॉइंट दोन! एवढ्यात माझी आत्यासुद्धा वाढेल.

सगळ्यात कहर म्हणजे बिनजंतूंचा एक फ्लास्क आम्ही दर वेळी ठेवतच होतो. पाच वर्षं तो त्या डुलणाऱ्या घोळक्यात होता. आम्ही रोज बघायचो – काही उगवलं नाही ना? नाही? छान. आणि सिंकमध्ये ओतायचो. मामा ते फ्लास्क धुवायचे. एकदा म्हणालेही होते, 'ह्याला सोमवारी वास येतो तसा बुधवारी येत नाही.' मी हसून 'शिळं झालं असेल' म्हटलं होतं. मला एक ठेवून द्यायला हवी होती कुणीतरी.

१० फेब्रुवारी

सरांना कागद दाखवले. त्यांनी दोनदा वाचले. चष्मा काढला, पुसला. मग घालायचा विसरून तिसऱ्यांदा वाचले.

'हे आणखी कोणी बघितलंय?'

'मशीनने.'

हसले नाहीत. मग हळू म्हणाले, 'सोमवारी थिसिस देऊन टाक. मग आपण ह्यावर नीट काम करू. वेगळा पेपर होईल.'

'पण सर, चौकशी शुक्रवारी आहे.'

'मामांचं मी बोलतो कुणाशी तरी.'

कुणाशी तरी! जिन्यात येऊन भिंतीला लाथ मारली. बोट सुजलं. सरांचा राग आला, पण खरं सांगायचं तर 'देऊन टाक' हे शब्द कानाला किती गोड लागले त्याचा जास्त आला.

१२ फेब्रुवारी

आत्याला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'मी म्हटलं होतं ना, पाच नाहीत.'

१३ फेब्रुवारी

चौकशी. लांब टेबल, तीन माणसं आणि नाक. मामा एका कडेला, स्वच्छ शर्ट, मांडीवर घडी केलेला तो स्वेटर – पुरावा म्हणून आणायला सांगितला होता. दाढेचा गाल उतरलाय. तोंड उतरलं ते वेगळं.

मी दोन फ्लास्क टेबलावर ठेवले, एक बोळ्याचा, एक बुचाचा. जे झालं ते सांगितलं. आकडे वाचले. मग माझा कोट टेबलावर फिरवला. तिघांनी हुंगला. सगळ्यात म्हाताऱ्या साहेबांनी जरा जास्तच वेळ हुंगला.

नाकाने आकड्यांवर बोट फिरवलं. थांबल्या. हुशार आहेत. 'पण मग तुमचं संशोधन? तुम्ही पाच टक्के म्हणून जे लिहिलंय...'

'ते पाच टक्के नव्हते,' मी म्हटलं. 'सोमवारी मी थिसिस देत नाहीये. सगळं परत करणार. निदान एक वर्ष.'

मागून खुर्ची सरकली. सर! कधी येऊन बसले होते कुणास ठाऊक. उभे राहिले आणि म्हणाले, 'तिच्या प्रत्येक पानावर माझी सही आहे. मी पण मोजलं नव्हतं.' आणि बसले. पाच वर्षांतलं त्यांचं सगळ्यात छोटं भाषण. मला ते एकदम आवडले.

आरोप मागे घेतला. पाळणाघराला हवा खेचणारा पंखा बसवायचा, खुंट्या काढायच्या, असा हुकूम.

मामा वर बघत नव्हते. बाहेर आल्यावर माझा हात धरला आणि म्हणाले, 'पोरी, एवढं नको होतं करायला.' डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, 'मामा, खोटा आरोप कसा सहन करायचा?' त्यावर हात सोडला आणि घाईघाईने बोळे वळायला गेले.

१६ फेब्रुवारी

सोमवार. आज थिसिस द्यायचा होता. दिला नाही. दिवसभर चांगलं होतं, संध्याकाळी घरी येऊन दोन तास उशीत तोंड घालून रडले. आत्याने कोट हुंगला. 'काहीच नाही,' म्हणाली. तिलाही वाईट वाटल्यासारखं दिसलं.

५ मार्च

आता नवीन पद्धत. सगळ्यांना रबरी बुचं. बुचातून दोन नळ्या. एकीतून हवा आत जाते, पण आधी अल्कोहोलच्या पाण्यातून बुडबुडत येते, म्हणजे येतानाच वाफ घेऊन येते आणि फ्लास्कमधलं उडत नाही. कल्पना माझी, नळ्या मामांच्या. आणि अल्कोहोल दर सहा तासांनी मोजायचं. मी आता चहात साखर घातल्यावरसुद्धा मोजते.

खऱ्या पाच टक्क्यांत, ऑक्सिजन असूनही, पठ्ठ्यांची वाढ नखाएवढी. मिजास उतरली.

१८ मार्च

चरबीवाला धावत आला. तो धावतो हे माहीत नव्हतं. कातडी बदललीय! हवा मिळालेल्यांची वेगळी, न मिळालेल्यांची वेगळी. दोन्हींची मूळच्यापेक्षा वेगळी. म्हणजे ऑक्सिजनने फरक पडतो – पण आम्ही पाच वर्षं सांगत होतो तो हा नव्हे. दोन्हीकडे अल्कोहोल: ४.९. तीनदा मोजलं.

सर लिफ्टमध्ये वायरमनला सांगत होते. 'मेव्हण्याला सांगा, गच्चीचा काही उपयोग नाही.'

३१ मार्च

मामांचा निरोप. भाषणं झाली, नाकाने फुलं दिली. सगळे गेल्यावर मामा माझ्या टेबलाशी आले. खोकाभर बोळे ठेवले, जन्मभर पुरतील इतके. मग म्हणाले, 'एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी घेतली होती.'

'काय घेतली?' मी विचारलं.

'दाढ फार ठणकत होती. शेजारी म्हणाला, घोटभर दाढेत धरून ठेव. डब्याबरोबर छोटी बाटली दिली त्यानं. दुपारी धरली. मग थुंकायचं कुठं, म्हणून गिळली. मग परत धरली. तुला सांगणारच होतो, पण तू आकडेच घेऊन उभी राहिलीस.'

म्हणजे नाक बरोबर होतं. आत्या बरोबर होती. आणि माझे आकडेही बरोबरच आहेत. एका दाढेपायी चुकीचा थिसिस द्यायचा वाचला. हसावं की मामांचा गळा धरावा कळेना, म्हणून विचारलं, 'आता दाढ कशी आहे?'

'काढली,' मामा म्हणाले.